घरोघरी प्रचार करणारे गरीब वस्त्याच निवडतात का?

प्रश्न असा आला आहे: "घरोघर फिरून धर्मप्रचार करणारे लोक मुद्दाम गरीब वस्त्यांत जास्त जातात का? आम्ही बैठ्या घरांच्या दाट वस्तीत भाड्याने राहत होतो तेव्हा दर काही आठवड्यांनी कोणी ना कोणी पुस्तिका घेऊन दारात उभं असायचं. फाटक आणि रखवालदार असलेल्या इमारतीत राहायला आलो आणि ते येणं साफ थांबलं. हा योगायोग समजायचा, की ते माणसं हेरूनच फिरतात?"

मी स्वतः घरभेटी केल्या आहेत, आणि नंतर बरीच वर्षं एका धर्ममंडळासाठी त्यांचं नियोजन सांभाळलं आहे. कोणती जोडी कोणत्या गल्लीत जाणार, नोंदी कशा ठेवायच्या, कोणत्या घरी पुन्हा जायचं नाही, हे सगळं त्यात येतं. मंडळाचं नाव घेत नाही, कारण पुढे लिहितो ते बहुतेक पंथांना लागू पडतं. थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं: नकाशा बहुतेक वेळा सगळ्या वस्त्यांचा असतो, पण चपला झिजतात त्या गरीब वस्त्यांत. हेरगिरी करून गरीब शोधणारे प्रचारक मी फार थोडे पाहिले. दार जिथे उघडतं तिथे पाय पुन्हा वळतात, आणि दार कुठे उघडतं हे पैशावर बरंच अवलंबून असतं. मात्र "आम्ही मुद्दाम जात नाही" एवढं म्हणून प्रचारकांची सुटका होत नाही. ते का, हे शेवटाकडे येईल.

आधी नकाशाचं बोलू. वस्तीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एकेकाकडे सोपवायचा, ही पद्धत जुनी आहे. थॉमस चामर्स या धर्मोपदेशकाने १८१९ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या सेंट जॉन्स पॅरिशचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे, २५ विभाग पाडले आणि प्रत्येक विभागातल्या कुटुंबांच्या भेटीगाठी ठरावीक माणसाकडे दिल्या. त्याच शहरात १८२६ मध्ये डेव्हिड नेस्मिथने सिटी मिशन ही शहरातल्या धर्मप्रचाराची संस्था काढली, १८३५ मध्ये तशीच लंडनमध्ये काढली. आज या कामासाठी सगळ्यांत ओळखीचे आहेत ते 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे लोक; पुढे त्यांना नुसतं साक्षीदार म्हणतो. त्यांच्या प्रत्येक मंडळीकडे एक भूभाग असतो, त्याचे छोटे छोटे तुकडे पाडलेले असतात, आणि प्रत्येक दारापर्यंत पोचायचं हा त्यांचा नेम असतो. तबलिगी जमात या मुस्लिम प्रचारसंघटनेचा गश्त, म्हणजे फेरी, वेगळ्या हिशेबाने चालतो. तो मशिदीभोवतीच्या मोहल्ल्यात फिरतो आणि फक्त मुसलमानांच्या दारी जातो. म्हणजे मशीद कुठे आहे यावर गश्त कुठे जाणार हे ठरतं. यांतल्या कुठल्याही पद्धतीत "श्रीमंतांना वगळा" असं लिहिलेलं नसतं.

पण नकाशा ही झाली इच्छा. खरं काय घडलं ते नोंदवहीत दिसतं. आमच्या नोंदवहीच्या पानावर डाव्या बाजूला घराचा क्रमांक, पुढे तारीख आणि पुढे एक खूण असे. "बंद", "नको", "नंतर या", "बोलणं झालं", "येऊ नये". बैठ्या घरांच्या गल्लीचं पान उघडलं की या पाचही खुणा मिसळून दिसत. एका दारी "नको", शेजारी "बोलणं झालं", पुढे दोन "बंद", मग "नंतर या". एका सकाळी एका जोडीने गल्ली पूर्ण केलेली असे. उंच इमारतीच्या पानावर मात्र वरपासून खालपर्यंत एकच रेघ ओढलेली आणि तिच्यावर लिहिलेलं असे, "फाटकावरून परत". त्या रेघेखाली शंभरावर घरं असत. त्यांतल्या एकाही माणसाने आम्हाला नकार दिलेला नसे. नकार रखवालदाराने दिलेला असे, आणि त्या बिचाऱ्याला तसा हुकूमच असे.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका रेघेत आहे. गल्लीत प्रत्येक घर स्वतःपुरता निर्णय घेतं. वीस दारं वाजवली तर वीस वेगवेगळे निकाल मिळतात. इमारतीत एकच निकाल सगळ्यांना लागू होतो. शिवाय इंटरकॉमवर माणूस दिसत नाही. आवाज ऐकून "नको" म्हणणं सोपं जातं, समोर उभ्या असलेल्या, घामाघूम झालेल्या माणसाला तोंडावर "नको" म्हणणं कठीण. कमी पैशाच्या वस्तीत दार थेट रस्त्यावर उघडतं, पुष्कळदा ते उघडंच असतं, आणि उंबऱ्याशी आलेल्याला दोन शब्द विचारल्याशिवाय घालवत नाहीत.

फाटकाचा हा प्रश्न कोर्टापर्यंतही गेला आहे. अमेरिकेच्या अखत्यारीतल्या पोर्टो रिको बेटावर १९८७ च्या कायद्याने रहिवाशांना आपल्या वस्तीतल्या सार्वजनिक रस्त्यांवर फाटकं बसवायची मुभा मिळाली. पुढे साक्षीदारांना त्या वस्त्यांत पाऊल ठेवणं अवघड झालं, खटला उभा राहिला, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने सांगितलं की रस्ते सार्वजनिक आहेत, तेव्हा रखवालदार असलेल्या फाटकावर जे आपली ओळख आणि कारण सांगतील त्यांना आत सोडलं पाहिजे. आता याच्याकडे तुमच्या प्रश्नाच्या बाजूने पाहा. श्रीमंत वस्त्यांत शिरता यावं म्हणून एका पंथाने काही वर्षं कोर्टात घालवली. फक्त गरिबांनाच गाठायचं असतं तर त्याची गरज नव्हती.

जिथे फाटक ओलांडता येत नाही तिथे पत्रं लिहितात, फोन करतात. तुमच्या नव्या इमारतीतही कधी हाताने लिहिलेलं, कुणा अनोळखी माणसाच्या सहीचं पत्र आलं असेल तर तेही त्याच नकाशाचं काम. त्याची आठवण राहत नाही, कारण पत्र केराच्या टोपलीत टाकायला कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. घरभेटी पूर्वीपासून दिवसा होतात, सकाळी आणि दुपारी, आणि सुटीच्या दिवशी. दिवसा घरी कोण सापडतं? म्हातारी माणसं, लहान मुलांच्या आया, आजारी, काम सुटलेले, आणि रात्रपाळी करून आलेले. यातले बरेच जण कमी पैशाच्या घरांत असतात. रात्रपाळीवाल्यांवरून तर एक मोठा निकालच आहे. ओहायो राज्यातल्या स्ट्रदर्स गावात पुष्कळसे लोक लोखंड-पोलादाच्या कारखान्यांत काम करायचे आणि रात्री राबून दिवसा झोपायचे. गावाने नियम केला की पत्रकं वाटण्यासाठी कुणाच्या दाराची घंटी वाजवायची नाही. थेल्मा मार्टिन या साक्षीदार बाईंनी घंटी वाजवली, त्यांना १० डॉलर दंड झाला. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. ऐकायचं आहे की नाही हे घरात राहणाऱ्या माणसाने ठरवावं, गावाने सगळ्यांच्या वतीने ठरवू नये, असा त्याचा आशय होता. मला हा निकाल तत्त्व म्हणून पटतो. तरी मी आमच्या जोड्यांना कारखान्यालगतच्या वस्तीत सकाळी पाठवत नसे. हक्क आहे म्हणून झोपलेल्या कामगाराला उठवायचं, याला मी प्रचार म्हणत नाही.

आता पाय खरोखर वळतात कुठे, ते सांगतो. फाटक आडवं येत नाही तिथे पहिली खेप सगळीकडे होते. पण घरभेटीचा जीव दुसऱ्या भेटीत असतो. ज्याने पहिल्यांदा दहा मिनिटं ऐकून घेतलं त्याच्याकडे पुन्हा जायचं, मग तिसऱ्यांदा, मग जमलं तर नियमित वाचन. या पुन्हा जाण्याला वस्तीवाटपाचा नियम नसतो, ते पूर्णपणे प्रतिसादावर चालतं. पाणी उताराकडे वाहतं तसं वेळापत्रक प्रतिसादाकडे वाहत जातं. सहा महिन्यांनी हिशेब केला की पहिल्या भेटी साऱ्या शहरावर सारख्या पसरलेल्या दिसतात आणि पुढच्या भेटी चार-पाच वस्त्यांत दाटलेल्या. त्या वस्त्यांत राहणाऱ्याला वाटतं, हे आमच्यामागेच लागले आहेत. त्याचं वाटणं खोटं नसतं. प्रचारकाला वाटतं, मी तर सगळ्यांकडे गेलो होतो. त्याचंही खोटं नसतं.

आणि हा उतार तीव्र करतो तो आकड्यांचा हट्ट. अनोळखी दार वाजवण्यातून हाती लागतं किती थोडं, हे अभ्यासकांनी मोजलं आहे. रॉडनी स्टार्क आणि विल्यम बेनब्रिज यांनी १९८० मध्ये मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाच्या मिशनच्या नोंदींवरून दाखवलं की अनोळखी दारं वाजवून साधारण हजारात एखादा माणूस धर्मांतर करतो, पण पहिली भेट एखाद्या मॉर्मन मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या घरी झाली तर निम्म्या वेळा गोष्ट तडीला जाते. हजारात एक. आता अशा कामावर कोणी महिन्याचा कोटा लादला तर प्रचारक काय करील? जिथे लोक पटकन "हो" म्हणतात तिथे जाईल. १९६०च्या आसपास ब्रिटनमध्ये मॉर्मन मिशनऱ्यांनी बेसबॉलच्या खेळाला पोरं जमवून त्यांना बाप्तिस्मा दिला. पुष्कळांना आपण कशात सामील झालो हे धड कळलंही नव्हतं. चिलीत तर चर्चच्या वहीत पाच लाखांवर सदस्य होते आणि २००२ च्या जनगणनेत स्वतःला मॉर्मन म्हणवणारे जेमतेम एक लाखाच्या घरात निघाले. जनगणनेत १५ वर्षांखालची मुलं धरलेली नव्हती हे लक्षात घेतलं तरी ही तफावत लपत नाही. आकडा गाठायचा म्हणून केलेला प्रचार सगळ्यांत आधी भिडस्त, एकट्या आणि गरजू माणसाकडे वळतो, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरपासून साक्षीदारांनी आपल्या सर्वसाधारण प्रचारकांना दरमहा तास कळवण्याच्या बंधनातून मोकळं केलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. त्यांची कारणं त्यांची. पण तास मोजणं थांबलं की बंद दारापुढून शांतपणे पुढे जाता येतं.

गरिबीइतकंच, कदाचित तिच्याहून जास्त वजन असतं ते उखडलेपणाला. नव्याने आलेला भाडेकरू, दुसऱ्या देशातून आलेलं कुटुंब, भाषा न कळणारी बाई. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सोका गाक्काई ही बौद्ध संघटना वाढली ती मोठ्या प्रमाणावर खेड्यांतून शहरांत आलेल्या कष्टकऱ्यांमध्ये. तिचे प्रमुख जोसेई तोदा यांनी १९५१ मध्ये ७,५०,००० कुटुंबांचं उद्दिष्ट जाहीर केलं आणि ते १९५७ पर्यंत गाठलं. टीकाकार त्यांना गरिबांचा आणि आजाऱ्यांचा गोतावळा म्हणून हिणवत. तो वाढला तो दारोदार पत्रकं वाटून कमी आणि घरगुती बैठकांतून जास्त, पण ओढ तीच होती: शहरात ओळखीचं कोणी नाही, आणि इथे आठवड्याला कोणी तरी नावाने हाक मारतं. साक्षीदारांची परभाषिकांसाठी वेगळी मंडळ्या उभारण्याची पद्धत आहे, मॉर्मनही मिशनऱ्यांना भाषा शिकवून पाठवतात. ती जोडी त्या भाषेची माणसं शोधत फिरते. नवे स्थलांतरित स्वस्त भाड्याच्या भागात राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं गरीब वस्ती निवडली. आतून पाहिलं तर भाषा निवडलेली असते. हा फरक महत्त्वाचा आहे, आणि तरी त्या वस्तीतल्या माणसाच्या दारावरची थाप तेवढीच राहते, हेही खरं.

एक गोष्ट चर्चेत नेहमी सुटते ती म्हणजे प्रचारक कोण असतो. आपल्या डोळ्यांपुढे कुठल्या तरी सुखवस्तू संस्थेने पाठवलेला, गरिबांकडे वरून बघणारा माणूस येतो. प्रत्यक्षात पुष्कळ पंथांत दारात उभा असलेला माणूस त्याच वर्गातला असतो. अमेरिकेत प्यू संशोधन संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत साक्षीदारांपैकी सुमारे निम्म्यांचं घरगुती उत्पन्न वर्षाला ३०,००० डॉलरच्या आत होतं, आणि दर तिघांतले जवळजवळ दोघे दुसऱ्या धर्मपरंपरेत वाढून इकडे आलेले होते. दिवसभर साफसफाईचं काम करून संध्याकाळी पाठपिशवीत पुस्तिका घेऊन निघणारी बाई आपल्याच शेजाऱ्यांकडे जाते, कारण तिला चालत तिथपर्यंतच जाता येतं. तिला "गरिबांना लक्ष्य करणारी" म्हणताना जीभ अडखळायला हवी. आणि ऐकणाऱ्याबद्दलही. गरीब माणूस भोळा असतो, त्याला काहीही पटवता येतं, हा समज ज्यांना बाळगायचा त्यांनी बाळगावा. माझा अनुभव उलटा आहे. सगळ्यांत चिवट वाद मी घातले आहेत ते पंक्चर काढणाऱ्यांशी, शिवणकाम करणाऱ्या बायकांशी, निवृत्त शिपायांशी. ते ऐकून घेतात आणि मग असा प्रश्न टाकतात की घरी जाऊन चार ग्रंथ उघडावे लागतात.

आता ज्यांनी उघडपणे सांगितलं की होय, आम्ही गरिबांकडेच जातो, त्यांच्याविषयी. विल्यम आणि कॅथरिन बूथ यांनी १८६५ मध्ये पूर्व लंडनमध्ये काम सुरू केलं, १८७८ मध्ये त्या ख्रिस्ती संघटनेचं नाव साल्व्हेशन आर्मी झालं. १८८४ पासून त्यांच्या संघटनेतल्या तरुण मुली झोपडवस्त्यांत खोली घेऊन राहू लागल्या, घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा, खोल्यांची झाडलोट करू लागल्या, आणि सोबत धर्मही सांगू लागल्या. त्याआधी १८५७ मध्ये एलेन रॅनयार्ड यांनी सेव्हन डायल्स या लंडनच्या अत्यंत गरीब भागात बायबल विकण्यासाठी बायका नेमल्या, त्याही त्याच वस्त्यांतल्या. त्यांची एक गोष्ट मी नव्या प्रचारकांना आवर्जून सांगतो: बायबल फुकट दिलं जात नव्हतं. आठवड्याला पेनी पेनी करून हप्त्याने घ्यायचं. ज्याला खरोखर हवं आहे तोच पैसे टाकेल, आणि जो पैसे टाकतो तो कुणाच्या उपकाराखाली राहत नाही. गरिबाची मान ताठ ठेवणारी ही रीत मला फार मोलाची वाटते. गरिबांकडे जाण्यात गैर काही नाही. जवळपास प्रत्येक धर्माच्या मुळाशी दीनांकडे जा ही आज्ञा आहे. प्रश्न फक्त एवढाच उरतो की शब्दासोबत हातात आणखी काय नेलं.

यासाठी एक प्रसंग. एका तरुण सोबत्याबरोबर मी एका भाड्याच्या खोलीत बसलो होतो. तिथे राहणाऱ्या माणसाने दोन खुर्च्या पुढे केल्या, स्वतः पलंगाच्या कडेला टेकला. काम सुटून बरेच दिवस झालेले. आमचं सगळं शांतपणे ऐकलं, पुस्तिका चाळली, आणि ती बाजूला ठेवून म्हणाला, "दादा, तुमच्या मंडळीत कुणाच्या ओळखीने काही काम लागेल का?" माझा सोबती मनाने चांगला. चटकन म्हणाला, "या ना रविवारी सभेला. तिथे बरेच लोक येतात, ओळखी होतील."

त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. लाच नव्हती, धमकी नव्हती. पण त्या क्षणी त्या माणसाच्या डोक्यात काम आणि सभा यांची गाठ बसली, आणि पुढे तो जे काही "हो" म्हणेल त्यातलं श्रद्धेचं किती आणि गरजेचं किती हे त्यालासुद्धा सांगता आलं नसतं. रस्त्यावर आल्यावर मी सोबत्याला म्हटलं, "त्याच्या कामाचं आपण बघू, पण आपण दोघं पुन्हा इथे यायचं नाही." मंडळीतल्या एका गृहस्थांनी, जे प्रचाराला कधी जात नसत, त्याला एका ठिकाणचा पत्ता दिला, आणि सभेचं नाव काढायचं नाही असं मी त्यांना बजावलं होतं. नोंदवहीत त्या घरापुढे "येऊ नये" मीच लिहिलं. माझ्या सोबत्याला ते कित्येक दिवस रुचलं नाही. हातचा माणूस घालवला असं त्याला वाटत होतं. मला वाटतं, काम लागल्यावर आम्ही पुन्हा दारात उभे राहिलो असतो तर त्या माणसाला आम्हाला "नको" म्हणण्याची सोय उरली नसती.

कायद्यालाही ही रेषा आखावी लागली आहे. ग्रीसमध्ये १९३०च्या दशकातल्या कायद्याने दुसऱ्याच्या श्रद्धेत ढवळाढवळ करणारा प्रचार गुन्हा ठरवला. त्याच्या व्याख्येत माणसाचा अननुभव, विश्वास, गरज, कमी समज किंवा भोळेपणा यांचा फायदा घेणं असं सगळं होतं. मिनोस कोक्किनाकिस या साक्षीदाराला आयुष्यात साठहून जास्त वेळा अटक झाली. १९८६ मध्ये क्रीट बेटावर सितिया गावात ते आणि त्यांची पत्नी एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या गायकाच्या घरी गेले, त्याच्या पत्नीशी बोलले, आणि खटला झाला. १९९३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. श्रद्धा सांगणं हे धर्मस्वातंत्र्यात येतं. मात्र ऐहिक किंवा सामाजिक फायद्याचं आमिष दाखवणं, अडचणीत किंवा गरजेत असलेल्या माणसावर गैर दबाव आणणं, याला न्यायालयाने वेगळं काढलं. गंमत अशी नाही की कोर्टाने प्रचारकांना मोकळीक दिली. महत्त्वाचं हे की त्याच निकालात गरजू माणसाभोवती कुंपणही घातलं. मला ते कुंपण नेमकं योग्य ठिकाणी वाटतं: वस्तीभोवती नाही, दबावाभोवती.

नोंदींबद्दलही बोललं पाहिजे, कारण गरीब माणूस दारातल्या पाहुण्याला पुष्कळ काही सांगून टाकतो. नवऱ्याचं पिणं, मुलीचा आजार, घेतलेलं कर्ज. हे पुढच्या भेटीच्या तयारीसाठी टिपून ठेवण्याचा मोह प्रत्येक प्रचारकाला होतो. फिनलंडमधल्या साक्षीदारांच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की घरभेटीत टिपलेली नावं, पत्ते, श्रद्धा आणि घरची परिस्थिती यांना वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो. काही धर्मबांधवांना हा धर्मात हस्तक्षेप वाटला. मला तो निकाल ऐकणाऱ्याच्या बाजूने वाटतो. आजारपण, कर्ज, भांडण यांतलं काहीही नोंदवहीत येता कामा नये हा नियम मी त्याआधीपासूनच ठेवला होता, आणि पानं तपासताना असं काही सापडलं तर ते पान फाडून नवं लिहायला लावत असे.

तर तुमच्या भागात नेमकं काय चाललं आहे हे तुम्हाला कसं कळेल? पहिल्यांदा कोण आलं याकडे फार लक्ष देऊ नका, ते जवळपास सगळीकडे येतात. परत कोण येतं आणि कशाच्या निमित्ताने येतं ते पाहा. धान्य, औषध, शाळेची फी, नोकरीची ओळख यातलं काही सभेच्या निमंत्रणासोबत एकाच भेटीत आलं, तर तिथे थांबवा. घरात नुकताच मृत्यू झाला असताना, दवाखान्यातून माणूस घरी आला असताना, न ओळखणारी जोडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी हजर झाली, तर त्यांना हे कुणी सांगितलं असं सरळ विचारा. मोठी माणसं घरी नसताना मुलांशी बोलणं चालू असेल तर तेही बंद करा, त्यात भीड धरायचं कारण नाही.

आणि पुढच्या वेळी कोणी दारात आलं, पुन्हा यायला नको असेल, तर दार आपटू नका आणि "नंतर या" असंही म्हणू नका. भिडेखातर म्हटलेलं "नंतर या" वहीत तसंच उतरतं, आणि पुढच्या महिन्यात दुसरी जोडी पाठवण्याचं ते कारण होतं. गरीब वस्त्यांतून इतक्या फेऱ्या होतात त्याचं मोठं कारण हे सौजन्याचे दोन शब्द आहेत. "आमच्या घरापुढे 'येऊ नये' असं लिहा" असं स्पष्ट सांगा. नीट चालवलेल्या कुठल्याही मंडळात अशी यादी असते आणि ती पाळली जाते. भाडेकरू बदलले असतील या समजुतीने काही काळाने ती यादी पुन्हा तपासतात, तेव्हा वर्ष-दोन वर्षांनी एखादा येऊन विचारून जाईल, त्यालाही तेच सांगा. तुमच्या जुन्या वस्तीत कोणी ओळखीचं राहत असेल तर हे वाक्य त्यांनाही सांगून ठेवा. इमारतीतल्या लोकांसाठी ते काम रखवालदार करतो. तिथल्या लोकांना ते स्वतःच करावं लागतं, आणि असं थेट म्हणायचा आपल्याला हक्क आहे हे त्यांतल्या पुष्कळांना कुणी सांगितलेलंच नसतं.